मण्यांचे दागिने: छंद आणि घरगुती व्यवसायाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत गावभागात राहते आणि गेली बारा वर्षं मण्यांचे दागिने बनवते. त्यातली पहिली चार वर्षं नुसती हौस होती, नंतर ऑर्डरी यायला लागल्या. शिकायला येणाऱ्या मुली, प्रदर्शनात भेटणाऱ्या बायका, फोन करणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्या साधारण तेच प्रश्न विचारतात. घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सवडीने लिहिलं आहे.

सुरुवातीला काय काय घ्यायचं आणि किती खर्च येतो?

दीड-दोन हजारांत नीट सुरुवात होते. तीन पकडी लागतात: एक चपट्या तोंडाची, एक गोल तोंडाची आणि एक कटर. पैसे घालायचे तर इथे घाला. स्वस्त पकडीचं तोंड नीट जुळत नाही, मग तारेचं टोक पक्कं करणारं लॉक वाकडं दाबलं जातं आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात बसत नाही. बाकी गिअर वायरचं (ओवायच्या तारेचं) एक रीळ, गिअर लॉक, जंप रिंग म्हणजे जोडायच्या बारीक कड्या, आय पिन म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारा, हेड पिन म्हणजे टोकाला खिळ्यासारखं डोकं असलेल्या तारा, माळेचे हुक, कानातल्याचे हुक आणि मागे बांधायच्या चार-सहा डोऱ्या.

मणी मात्र दोनच रंगांचे घ्या, तीन मापांत. चोवीस कप्प्यांचा रंगीबेरंगी डबा घेतला की कुठल्याच रंगाची एक माळ पुरी होत नाही. कामाला पाट किंवा टेबल काहीही चालेल, पण खाली जेवणाच्या ताटात जुन्या ब्लँकेटचा तुकडा पसरा. मणी घरंगळत नाहीत आणि सुईने सहज उचलता येतात.

मण्यांचे नंबर कसे ओळखायचे? ११ नंबर मोठा की ८ नंबर?

बारीक काचमण्यांत नंबर जितका मोठा तितका मणी लहान. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३ चा, ६ नंबरचा ४ चा. १५ नंबर त्याहून बारीक, तो शिकताना घेऊ नका. मोठे मणी आणि मोती मात्र थेट मिलिमीटरमध्येच मागायचे: ४ चे द्या, ६ चे द्या.

जपानी आणि झेक काचमणी महाग असतात. जपानी मणी एकमेकांशी अगदी जुळणारे निघतात, त्यामुळे सुईने विणलेल्या पट्ट्यांची कड सरळ राहते. ओवायच्या माळेला तेवढ्या नेमकेपणाची गरज नसते. आपल्याकडचा देशी काचमणी तिथे छान दिसतो, त्याचं जरासं कमी-जास्त असणंच माळेला शोभतं असं माझं मत आहे. फक्त घरी आणल्यावर निवडून घ्यावा लागतो. तांदूळ निवडतो तसंच: फुटके, भोक बुजलेले, चपटे बाजूला काढायचे.

१६ इंचाच्या माळेला किती मणी लागतात?

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे हिशेब सोपा आहे. ४ मिलिमीटरचे मणी साधारण १०० लागतील, ६ चे ६७, ८ चे ५०. हुकाची लांबी त्यातून वजा करा आणि दहाएक मणी जास्तीचे ठेवा. मागे डोरी लावणार असाल तर माळ १० ते ११ इंचच ओवायची, बाकीचं अंतर डोरी भरून काढते. पहिल्या ऑर्डरीत हीच चूक सगळ्यांची होते. मणी पुऱ्या १६ इंचांचे घेतले जातात आणि माळ पोटापर्यंत येते.

तंगूस वापरू, गिअर वायर वापरू की रेशीम?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मणी सगळ्यांचे एकाच बाजारातून येतात. तुमची माळ आणि शेजारणीची माळ यांत फरक पडतो तो आतल्या दोऱ्यामुळे आणि गाठीमुळे.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा. तो स्वस्त असतो आणि सुईशिवाय ओवता येतो, म्हणून शिकायला बरा. पण तो वर्ष-दोन वर्षांत कडक होतो, ताणला जातो आणि गाठीतून निसटतो. विकायच्या माळेला मी तंगूस घालत नाही.

गिअर वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ, वरून नायलॉनचं आवरण. काचेच्या आणि दगडाच्या जड मण्यांना हीच घ्या. काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, ती साध्या दोऱ्याला आतून करवतीसारखी कापत राहते. तारेला तसं होत नाही. या तारेचा दोष एकच. एकदा दुमडली की ती दुमड कायमची, कितीही ओढली तरी सरळ होत नाही. म्हणून रीळ सोडताना घाई नको.

लॉक दाबण्यापूर्वी माळेत एक-दोन मिलिमीटर सैल जागा ठेवा. माळ ताठ ओढून लॉक केली की गळ्याशी वळताना सगळा ताण टोकाच्या दोन मण्यांवर येतो. मग एक तर मणी फुटतो किंवा तार तुटते. ओवलेली माळ बोटावर गुंडाळून बघायची. सहज वळली तर ठीक.

मोत्यांना रेशीम. मोती मऊ असतो, काचेपेक्षा मऊ, आणि दगडी अकीकपेक्षा तर फारच. मोती एकमेकांवर घासले की त्यांचं तेज जातं, म्हणून दोन मोत्यांच्या मध्ये एक गाठ घालायची पद्धत आहे. त्याचा दुसरा फायदा असा की माळ तुटली तरी एखादाच मोती पडतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. गाठींमुळे दोरा पुष्कळ खर्च होतो. माळेच्या लांबीच्या तिप्पट दोरा घेऊन बसा, मध्येच संपला तर सगळं पुन्हा करावं लागतं. गाठ मोत्याला टेकेपर्यंत सुईच्या टोकाने सरकवत न्यायची आणि मगच आवळायची. एवढं एक जमायला मला सहा महिने लागले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलात तर एक गंमत बघा. सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या तारेत घोडीच्या खाली एक मणी ओवलेला असतो, कधी बदकाच्या आकाराचा. त्याला मणका म्हणतात. तो मागे-पुढे सरकवून सूर बारीक मिळवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर मणका कसा बसवतो ते मी एकदा उभी राहून पाहिलं. तार, मणी आणि ताण यांचं नातं मला तिथे जास्त कळलं.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट चार दिवसांत ढिलं पडतं. का?

ओवण्याआधी इलॅस्टिक ताणून घेतलं नाही म्हणून. हातभर तुकडा चार-पाच वेळा जोरात ताणा, मग ओवा. गाठ घालताना एका फेऱ्याऐवजी दोन फेरे द्या, गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून घ्या. गाठीवर फेविक्विक टाकू नका. ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि दोरा नेमका तिथेच तुटतो.

मोती खरे आहेत की खोटे, ग्राहकाला काय सांगायचं?

जे आहे ते सांगायचं. बाजारात ‘मोती’ या एका शब्दाखाली चार वस्तू मिळतात: प्लॅस्टिकवर मुलामा दिलेला, काचेवर मुलामा दिलेला, शिंपल्याच्या गाभ्यावर मुलामा दिलेला ‘शेल’ मोती आणि खरोखर शिंपल्यात वाढवलेला कल्चर मोती. दाताच्या कडेवर हलकेच घासलं की शिंपल्यातला मोती बारीक रवाळ लागतो, मुलामा दिलेला गुळगुळीत लागतो. भोकाच्या तोंडाशी भिंग धरून बघा. मुलाम्याचं साल तिथे सुटलेलं दिसतं.

माझ्या प्रत्येक दागिन्यासोबत एक चिठ्ठी असते. मणी कशाचा, दोरा कोणता, धातू कोणता. पहिल्यांदा चिठ्ठी घातली तेव्हा वाटलं, ‘शेल मोती’ वाचून बायका मागे फिरतील. कुणी फिरलं नाही, उलट विचारून घ्यायला लागल्या. मोत्यांवर अत्तर, लिंबू, व्हिनेगर पडू देऊ नये हेही त्याच चिठ्ठीवर लिहा. मोती चुन्याच्याच कुळातला, आंबटाने झिजतो.

मण्यांचा रंग जाईल का, हे आधी कसं कळणार?

तीन परीक्षा घ्या. पाच-सहा मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. दोन मणी नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवलेल्या कापसाने घासा. आणखी दोन खिडकीत कडक उन्हात पंधरा दिवस ठेवून पुडीतल्या मण्यांशी ताडून बघा. रंग काचेतच असेल तर काही होत नाही. वरून चढवलेला असेल तर पहिल्या दिवशीच कळतं.

मला ही परीक्षा कृष्णेने घ्यायला लावली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. माझं सगळं सामान तळमजल्यावर होतं. नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, आणि पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा डबे चिखलाने भरले होते. दोन दिवस बादल्या घेऊन मणी धूत बसले. साधे रंगीत काचमणी जसेच्या तसे निघाले. अकीक आणि इतर दगड तसेच. आतून चांदीचा मुलामा असलेले मणी काळवंडले, वरून रंगवलेले गुलाबी-जांभळे पांढरे पडले. तागाची दोरी कुजली, मुलाम्याचे हुक हिरवे झाले, रेशमाच्या लडी फेकून दिल्या. तेव्हापासून नवीन माल आला की आधी पाण्यात. आणि सामान वरच्या मजल्यावर, झाकण घट्ट बसणाऱ्या बरण्यांत.

सांगलीकरांसाठी आणखी एक: हळदीच्या कार्यक्रमाला मोत्यांचा सेट देत असाल तर सांगून ठेवा, हळद लागली की पांढरा दोरा पिवळा तो पिवळाच. अशा वेळी मी पिवळाच दोरा वापरते.

कानातल्याने कान चिघळतो अशी तक्रार येते. काय करावं?

बहुतेक वेळा कारण निकेल हा धातू असतो. स्वस्त हुकांत आणि मुलाम्याच्या खालच्या थरात तो असतो, आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. एकदा सुरू झाली की ती सहसा जात नाही. सर्जिकल स्टीलचे किंवा चांदीचे हुक लावा. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते सहज सुटून त्वचेला लागत नाही. ज्यांचा कान फारच नाजूक आहे त्यांना टायटॅनियम. जोडीमागे पंधरा-वीस रुपये वाढतात, ते किमतीत धरा, पण पर्याय द्याच.

गळ्यावर हिरवा डाग पडतो तो वेगळा. पितळेत तांबं असतं, घामाने ते हिरवं उमटतं. धुतलं की जातं, त्रास नसतो.

माल कुठून आणायचा?

थोडा लागत असेल तर सांगलीतच मिळतो, मारुती रोड आणि आसपासच्या दुकानांत फिरा. जरा जास्त लागला की कोल्हापूर: गुजरीत आणि त्या भागात ठुशीचे, साजाचे सुटे भाग मिळतात. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळीचा परिसर. मुंबईत भुलेश्वर. चांदीचे मणी आणि घुंगरू हवे असतील तर हुपरी जवळ आहे, तिथे घराघरांत चांदीचं काम चालतं.

मणी जिथे बनतात ती गावंही माहीत असावीत. देशी काचमणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगर आणि वाराणसी भागात मोठ्या प्रमाणावर बनतो, अकीक गुजरातेत खंभातला घडवला जातो. आपल्या भागालाही मणी नवा नाही. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती सापडली, त्यात मणीही मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरात कुणीतरी बसून मणी ओवत होतं, हे आठवलं की मला काम करताना बरं वाटतं.

घाऊक घेताना एक सांभाळा: एका ऑर्डरीचे सगळे मणी एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घ्या. पुढच्या महिन्यात ‘तोच’ निळा मागितला तर जरासा वेगळा निळा येतो आणि गळ्यात तो फरक उठून दिसतो.

मंगळसूत्र गाठवून देता का? शिकवता का?

काळी पोत आणि खोट्या वाट्यांचं मंगळसूत्र करते, शिकवतेही. सोन्याचे मणी असलेलं मात्र घेत नाही. ते काम पिढ्यान्‌पिढ्या पटवेकरी करत आले, सराफ पेठेत आजही त्यांच्याकडेच द्यावं. त्यांच्या हातातली गाठ बघत बसावी अशी असते. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून किती झरझर गुंफतात!

कुणी खोट्या मण्यांचं आणलं तरी समोर मणी मोजा, चिठ्ठीवर आकडा लिहा, तिची सही घ्या. आणि बोलताना सांभाळा. मंगळसूत्र ‘तुटलं’ म्हणत नाहीत, ‘वाढलं’ म्हणतात. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी पटकन “तुटलेलं आणलंय का?” असं विचारून गेली, समोरच्या आजींचा चेहरा उतरला. धंदा करायचा तर ग्राहकाची भाषा यायला हवी.

सोन्याचे मणी घालून दागिने विकायचे मनात असेल तर आधी हॉलमार्किंगचे नियम सराफाकडून समजून घ्या. तो वेगळाच व्यवसाय आहे.

किंमत कशी ठरवायची?

‘मण्यांचे पैसे दुप्पट’ असा हिशेब पुष्कळ जणी करतात. त्यात हाताला काहीच मिळत नाही. बारीक मण्यांची तीन तास खपून केलेली माळ आणि मोठ्या मण्यांची वीस मिनिटांत झालेली माळ, दोन्हींचे मणी साठ रुपयांचे असू शकतात.

माझी पद्धत एका माळेवर सांगते. मणी ६० रुपये, तार-लॉक-हुक २५, डबी आणि चिठ्ठी १५. झाले १००. वेळ दीड तास, ताशी ८० रुपयांनी १२०. बेरीज २२०. पकडी झिजतात, वीज लागते, मणी फुटतात, कोल्हापूरला एसटीने जावं लागतं, त्यासाठी दहा टक्के, म्हणजे २२. झाले २४२. इथपर्यंत फक्त खर्च आणि मजुरी, नफा अजून आलेला नाही. पंचवीस टक्के धरला तर किंमत ३०० च्या आसपास जाते.

आता हीच माळ दुकानात ठेवायला दिली आणि दुकानदाराने तीस टक्के मागितले, तर ३०० तून हाती येतात २१०. म्हणजे ३२ रुपये पदरचे गेले. म्हणून दुकानात द्यायची असेल तर किंमत आधीच ३५० धरायला हवी, तेव्हा २४५ हातात येतात आणि निदान मजुरी सुटते. घरी ३०० आणि दुकानात ३५० असं मात्र करू नका. दुकानदाराला कळतंच आणि संबंध बिघडतात. एक तर सगळीकडे ३५०, नाही तर दुकान नको.

वेळ मोजल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही. मोबाइलवर घड्याळ लावून एक माळ करा. जेवणाला उठलात तर थांबवा. बहुतेकींना पहिल्यांदा कळतं की ‘तासाभराचं काम’ अडीच तासांचं आहे.

घासाघीस होते, होणारच. मी किंमत कमी करत नाही, कानातलं छोटं करून सेट स्वस्तात बसवून देते. मजुरीचे पैसे सोडले की पुढच्या वेळी तीच किंमत ठरते.

वर्षभरात काय, कधी खपतं?

संक्रांतीपासून सुरू करू. हळदीकुंकवाला वाण लुटायचं असतं, तेव्हा एकसारख्या पंचवीस-पन्नास वस्तू लागतात. मोत्यांची किल्लीसाखळी, साडीची पिन, मण्यांचं छोटं तोरण. नग तीस-चाळीस रुपयांचा, पण संख्या मोठी. डिसेंबरच्या सुरुवातीलाच ऑर्डरी घ्या.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांच्या बांगड्या, नथ. नाक टोचलेलं नसणाऱ्या मुलींसाठी दाबाची नथ हमखास विचारतात. नथीचं वजन कमी ठेवा. दिसायला भरगच्च आणि नाकाला हलकी हेच त्यातलं कसब आहे. श्रावणात मंगळागौर, नवरात्रात नऊ रंगांची कानातली.

पण माझ्या वर्षाचा मोठा हिस्सा गौरी-गणपतीत येतो. गणपतीला मोत्यांचा हार, दुर्वांचा मण्यांचा हार, मोदकांची माळ. आणि गौरींचे दागिने! मुखवट्याच्या उभ्या गौरी ज्यांच्याकडे असतात त्यांना दोन गौरींसाठी दोन-दोन नग लागतात, अगदी एकसारखे: ठुशी, बोरमाळ, लांब हार, कंबरपट्टा, बाजूबंद. ज्येष्ठा-कनिष्ठेत डावं-उजवं चालत नाही. खड्याच्या गौरी आणणाऱ्या घरांत हे लागत नाही, म्हणून आधी विचारा.

माप कधीही अंदाजाने घेऊ नका. गौरींच्या गळ्याचं माप माणसासारखं नसतं, स्टँडवर साडी नेसवल्यावर गळा आणखी फुगतो. मी सांगते, गेल्या वर्षीचा साडी नेसवलेला फोटो पाठवा आणि दोऱ्याने माप घेऊन तो दोराच पाकिटात घालून द्या. इंचपट्टीपेक्षा दोरा खरं बोलतो. ऑर्डरी आषाढात घेते आणि श्रावणातल्या अमावास्येला, पोळ्याला, बंद करते. त्यानंतर आलेल्या कामाला ‘नाही’ म्हणायला शिकले, कारण रात्री दोनला दाबलेलं लॉक आवाहनाच्या दिवशी सुटलं तर त्या घरातल्या बाईला काय वाटेल?

हलव्याचे दागिने यात धरायचे का?

ते साखरेचं काम, वेगळं कौशल्य. काटेरी हलवा घरी करणाऱ्या बायकांकडून तयार हलवा घ्या, तुम्ही फक्त सुईने ओवून किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून दागिने करा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला लागतात. बाळाच्या दागिन्यांत डिंकाचा वापर नको, नुसतं ओवलेलं द्या, कारण बाळ ते तोंडात घालणारच. दमट हवेत हलवा विरघळतो, तेव्हा हवाबंद डब्यातच द्या.

सरकारी नोंदणी लागते का? जीएसटी?

घरातून थोडंफार विकायला सुरुवातीला काही अडत नाही. पण ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. कुणी पैसे मागत असेल तर ते सरकारी संकेतस्थळ नव्हे.

फक्त वस्तू विकणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. परराज्यात विकायचं झालं की नियम बदलतो. हाताने केलेल्या मण्यांच्या दागिन्यांना हस्तकला वस्तू म्हणून त्यात सवलत आहे, पण तिला अटी आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना मोठ्या ऑनलाइन बाजारांवर राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं, त्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. पहिली परराज्यातली ऑर्डर येण्याआधी एकदा सीएकडे जाऊन या.

हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र मिळालं तर प्रदर्शनांसाठी उपयोगी पडतं. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल पुष्कळ जणी विचारतात. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत, सोनार आणि माळाकारही आहेत, मण्यांचे दागिने हा व्यवसाय म्हणून नाही.

प्रशिक्षण आणि भांडवल कुठे मिळेल?

जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. बँका चालवतात, प्रशिक्षण मोफत असतं, कृत्रिम दागिन्यांचे वर्गही होतात. गावात राहात असाल तर ‘उमेद’च्या बचत गटातून सुरुवात करा. गटाच्या वस्तूंना सरस प्रदर्शनांत जागा मिळू शकते. आटपाडी-दिघंचीकडच्यांना म्हसवड जवळ पडतं. तिथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, आणि माणदेशी फाउंडेशन बायकांना हिशेब, विक्री, व्यवसाय शिकवतं.

मुद्रा कर्जाचा ‘शिशु’ गट ५०,००० रुपयांपर्यंतचा आहे. माझं स्वतःचं मत: पहिलं वर्ष कर्जाशिवाय काढा. या धंद्यात यंत्र लागत नाही, कर्जाचे पैसे जातात ते मण्यांत, आणि न खपलेले मणी हप्ता भरत नाहीत. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या, तेच तुमचं भांडवल.

फोटो चांगले येत नाहीत.

सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद. खाली खणाचा किंवा साधा सुती एकरंगी कपडा. एक फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो. एक फोटो खऱ्या गळ्यात, बहिणीच्या, जावेच्या, कुणाच्याही. रंग मोबाइलमध्ये वाढवू नका. ‘फोटोत वेगळा होता’ ही तक्रार एकदा आली की ती बाई परत येत नाही.

माझं डिझाइन दुसरीने उचललं तर?

ठुशी, बोरमाळ, तन्मणी ही कुणा एकीची नाहीत, आपण सगळ्या आज्यांकडूनच उचलतो. पण एखादीने स्वतः जुळवलेली रचना जशीच्या तशी करून कमी किमतीला विकणं मला पटत नाही. ग्राहक दुसरीचा फोटो दाखवून ‘असंच हवं’ म्हणाली तर मी तिला त्या बाईचं नाव विचारते आणि तिच्याकडेच पाठवते.

घरात लहान मूल आहे. काय काळजी घेऊ?

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मण्यांची कुठलीच वस्तू नको, आणि तशी विकूही नका. मूल मणी गिळतं, किंवा नाकात-कानात घालतं. घातला तर चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. श्वासाला त्रास होत असेल तर क्षणभरही थांबू नका, जवळचा दवाखाना गाठा. काम संपलं की हाताला चिकटपट्टी उलटी गुंडाळून फरशीवरून फिरवा, सांडलेले बारीक मणी निघतात.

डोळे दुखतात, मान आखडते.

दिवा डाव्या खांद्यावरून येऊ द्या, डावखुऱ्या असाल तर उजव्या. काळे मणी रात्री ओवू नका. अर्ध्या तासाने उठा, लांब बघा, पाणी प्या. चाळिशी लागली असेल तर चष्मा घ्या, लाजू नका.

विकलेला दागिना तुटला तर दुरुस्त करून देता का?

देते, आणि तुम्हीही द्या. माझ्याकडून घेतलेली माळ वर्षाच्या आत सुटली तर पैसे घेत नाही. नंतर आली तर फक्त दोऱ्याचे आणि हुकाचे. बाहेरून घेतलेलीही दुरुस्त करते, त्याची मजुरी वेगळी. प्रत्येक ऑर्डरीतले चार-पाच मणी छोट्या पुडीत घालून, ग्राहकाचं नाव आणि तारीख लिहून ठेवते, म्हणजे हरवलेला मणी जुळवता येतो. पुराच्या आधीच्या पुड्या वाहून गेल्या, त्यानंतरच्या सगळ्या आहेत.

माळ घेऊन येताना सुटलेले मणी जितके सापडतील तितके आणा, फुटलेलेही. दोऱ्याचं तुटलेलं टोक कापू नका, तसंच आणा. ते बघितलं की कळतं, दोरा काचेने कापला, गाठ निसटली की लॉक सुटलं, आणि मग पुढची माळ करताना काय बदलायचं तेही ठरवता येतं. सोमवार सोडून दुपारी तीन ते सहा मी घरी असते.